मंत्रालयाच्या बातम्या आणि कोणीच न वाचलेले शासन निर्णय

कोरा_ताव (धागाकर्ता)

मी पत्रकार नाही. सरकारी कामे घेणाऱ्या एका लहान कंत्राटदाराचे हिशेब मी पाहतो आणि त्यामुळे शासन निर्णय वाचण्याची सवय मला नाइलाजाने लागली आहे. तेव्हापासून राज्य सरकारविषयीच्या बातम्या वाचताना एक विसंगती सतत खटकते.

मंत्रिमंडळाची बैठक झाली की त्या दिवशीच्या निर्णयांचे टिपण माहिती व जनसंपर्क महासंचालनालय प्रसृत करते आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत ते जवळजवळ त्याच शब्दांत, फार तर परिच्छेदांचा क्रम बदलून, छापलेले दिसते. त्या निर्णयावरचा शासन निर्णय, म्हणजे ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो तो, काही दिवसांनी आणि कित्येकदा काही आठवड्यांनी निघतो. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खात्यावर टाकायचा, लाभार्थ्यांतून कोणाला वगळायचे, अंमलबजावणी कोणत्या यंत्रणेने करायची, हे सारे त्या कागदात असते. त्याची बातमी मात्र क्वचितच होते, कारण 'ते तर आधीच छापून झाले आहे' असे समजले जाते. याउलट कोणता मंत्री कोणत्या खात्यासाठी अडून बसला आहे आणि पालकमंत्रिपदावरून कोणाचा कोणाशी अबोला आहे, यावर रकानेच्या रकाने भरतात.

माझे प्रश्न दोन आहेत. शासन निर्णय संकेतस्थळावर आहेत, सभागृहांचे कामकाज थेट पाहता येते. अशा वेळी मंत्रालयात दिवसभर थांबणाऱ्या बातमीदाराचे काम नेमके कोणते उरले? आणि जे उरले आहे ते होत नसेल, तर दोष बातमीदाराचा, मालकाचा की आपणा वाचकांचा?

वाचनमात्र

या प्रश्नावर भाष्य करण्यास उच्चपदस्थ सूत्रांनी नाव न छापण्याच्या अटीवर नकार दिला आहे.

निवृत्त_बातमीदार

मी बरीच वर्षे मंत्रालयाचे वार्तांकन केले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्यावर बोलायला येथे पुष्कळ जण उत्सुक असतील.

संकेतस्थळावर येते ते निर्णयाचे शेवटचे टोक. त्याआधी प्रस्ताव कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीपासून निघून अवर सचिव, उपसचिव, सचिव असा वर चढतो आणि पैशाचा विषय असेल तर वित्त व नियोजन विभागांकडे जातो. मंत्रिमंडळासमोर ठेवलेल्या टिप्पणीत या विभागांचे अभिप्राय जोडलेले असतात. यासाठी तरतूद उपलब्ध नाही, असाच लाभ दुसऱ्या योजनेतून दिला जात आहे, या सवलतीने पायंडा पडेल, अशा आशयाच्या हरकती तेथे नोंदवलेल्या असतात. मंत्रिमंडळाने त्या बाजूला सारल्या, तर पुढे निघणाऱ्या शासन निर्णयात त्यांचा मागमूसही राहत नाही. टिप्पणी गोपनीय, विषयपत्रिकाही गोपनीय. 'वित्त विभागाचा विरोध डावलून' ही तीन-चार शब्दांची भर बातमीत घालता यावी म्हणून बातमीदाराला अनेक दालनांत वर्षानुवर्षे ओळख राखावी लागते. मंत्री बातमी सांगतो ती स्वतःसाठी सांगतो. अधिकारी सांगतो तेव्हा बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी बिनसावे अशीही इच्छा असते. दोघांचेही ऐकून घ्यायचे आणि दोघांकडेही कागद मागायचा, एवढेच काय ते या धंद्याचे तंत्र.

जुने उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मधून मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्याशी संबंधित न्यासांविषयी लिहिले, त्या वेळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि ते कोणाला किती मिळावे हे सरकार ठरवीत असे. सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांची सांगड घालता आली, म्हणून ती बातमी टिकली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध मान्य केला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. 'मुख्यमंत्र्यांवर पक्षात नाराजी' एवढ्याच बातमीने हे झाले नसते.

लेखाशीर्ष

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. गोपनीय कागद मिळवणे हीच खरी बातमीदारी, अशी एक समजूत या क्षेत्रात रुजली आहे आणि तिच्यामुळे छापून उपलब्ध असलेल्या कागदांकडे दुर्लक्ष होते. सिंचनाचे प्रकरण ज्या आकड्याने पेटले तो कोणाच्या तिजोरीतून फुटलेला नव्हता. अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी विधिमंडळात ठेवल्या जाणाऱ्या आर्थिक पाहणीत, २०११-१२ च्या, तो सरकारनेच छापला होता. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले आणि सिंचित क्षेत्राचे प्रमाण ०.१ टक्क्याने वाढले, असा अर्थ त्यातून निघाला. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र त्याच वर्षी गाजले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पाहणीचा तो ग्रंथ सर्व बातमीदारांना एकाच दिवशी मिळतो. बहुतेक जण त्यातील राज्याचा विकासदर, दरडोई उत्पन्न आणि कर्जाचा बोजा एवढे तीन आकडे उचलतात, कारण प्रेसनोटमध्ये तेवढेच असतात आणि दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प असतो.

विहीर_आणि_कालवा

@लेखाशीर्ष, उदाहरण चांगले आहे, परंतु ते अर्ध्यावर सोडू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने सिंचनाची श्वेतपत्रिका काढली आणि तिच्यात ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. ०.१ आणि ५.१७ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सिंचनक्षमता निर्माण होणे आणि क्षेत्र प्रत्यक्ष भिजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विहिरीवर भिजलेले क्षेत्र कालव्याच्या खात्यावर दाखवायचे की नाही, हाही वादाचा मुद्दा आहे. आपल्या किती बातम्यांत हे समजावून सांगितले गेले? एका बाजूने पहिला आकडा फेकला, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि बातमीदारांनी दोन्ही बाजूंची वक्तव्ये शेजारी शेजारी छापली. डिसेंबरमध्ये अजित पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले तेव्हा सारे लक्ष त्यांच्या शपथविधीकडे गेले आणि पाणी कसे मोजायचे हा प्रश्न होता तेथेच राहिला. कागद हाती असणे पुरेसे नाही, तो ज्या विषयाचा आहे तो विषयही यायला हवा.

निवृत्त_बातमीदार

@विहीर_आणि_कालवा, हे मान्यच करावे लागेल. मात्र यामागची व्यवस्था लक्षात घ्या. एका मध्यम वृत्तपत्राच्या मुंबई कार्यालयात मंत्रालयासाठी एक किंवा दोन माणसे असतात. कामाची वाटणी पक्षांनुसार होते, एकाकडे सत्ताधारी आणि दुसऱ्याकडे विरोधक. जलसंपदा, महसूल, नगरविकास अशी विभागांनुसार वाटणी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली. पक्षाचा बातमीदार पक्षाचीच बातमी आणणार.

संत्रानगरी

नागपूरचा अनुभव सांगतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे होते, ते हिवाळी. त्या काळात मुंबईचे बातमीदार येथे येतात आणि मुंबईचेच राजकारण येथून पाठवतात. विदर्भाच्या प्रश्नांवरील चर्चा अधिवेशनाच्या अखेरीस, अंतिम आठवडा प्रस्तावात, अर्ध्या रिकाम्या बाकांसमोर उरकली जाते आणि तोवर पाहुण्या बातमीदारांची परतीची तिकिटे निघालेली असतात.

आम्हा स्थानिकांकडे मोर्चे असतात. टेकडी रस्त्यावर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला जातो, शिष्टमंडळाला मंत्र्यांकडे नेले जाते, सकारात्मक विचार करू असे सांगितले जाते आणि आम्ही ते छापतो. पुढच्या हिवाळ्यात तीच संघटना तीच मागणी घेऊन तेथेच अडवली जाते. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले तर ते तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती तरी आहे; रस्त्यावर आलेल्या शिष्टमंडळाला दिलेले आश्वासन कोणाच्याच वहीत नसते. गेल्या वर्षीच्या मोर्च्यांना काय सांगितले आणि त्यातले काय झाले, एवढे एक पान अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी छापावे, असे मी एकदा कार्यालयात सुचवले होते. कल्पना सर्वांना आवडली. त्या पानावर ऐनवेळी जाहिरात आली.

टिपणीकार

मी शासकीय सेवेत आहे, याहून अधिक सांगणे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांच्या भीतीने शक्य नाही. दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, हातात आलेले बातमीदार मी पाहिले आहेत. त्यांच्यातले काही शेवटच्या पानावरची स्वाक्षरी पाहतात आणि 'मंत्र्यांनी मंजूर केले' अशी बातमी करतात. खरी बातमी बहुधा डाव्या बाजूच्या जुन्या टिपण्यांत असते. कोणी काय विचारले होते, त्याला उत्तर मिळाले की नाही आणि विभागाने आपले आधीचे मत कोणत्या तारखेनंतर बदलले, हे तेथे दिसते. परंतु ते वाचायला अर्धा तास लागतो आणि बातमीदाराला दोन ओळी हव्या असतात. 'साहेब, थोडक्यात सांगा ना' या विनंतीवर जे सांगितले जाते ते सांगणाऱ्याच्या सोयीचे असणार, यात आश्चर्य कसले?

शासन निर्णयांविषयी एक निरीक्षण. दोन हंगामांत त्यांचा पूर येतो. एक ३१ मार्चच्या आधी, न वापरलेला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे हातचा जाऊ नये म्हणून. दुसरा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या आधी. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत निर्णय चढवले जातात. बातमी येते ती 'निर्णयांचा धडाका' अशी आणि तीत निर्णयांची संख्या असते. त्या ढिगाऱ्यातून नेमका कोणत्या संस्थेला भूखंड मिळाला आणि कोणत्या कामाच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेत, म्हणजे आधी मंजूर झालेल्या कामाला नव्याने दिलेल्या मंजुरीत, किंमत दुप्पट झाली, हे शोधायला कोणी बसत नाही. सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्दप्रयोग दिसला की तो निर्णय वाचावा, एवढे एक सूत्र मी फुकट देऊन ठेवतो.

वाचनमात्र

म्हणजे या धाग्यावर अखेर खरोखरच सूत्र सापडले. आता बातमी करायला हरकत नाही.

तालुका_वार्ताहर

वरच्या चर्चेत सगळे मंत्रालयाभोवतीच फिरत आहेत. निर्णय मुंबईत निघतो, परंतु तो चालतो की नाही हे तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात कळते. पोर्टल सुरू झाले आहे का, सेतू केंद्रावर कोणता दाखला नाकारला जातो, तलाठी कोणत्या परिपत्रकाचा हवाला देतो, हे आम्हांला रोज दिसते. आम्ही ते लिहितो, आणि ते जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर येऊन तेथेच संपते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते दिसत नाही, मंत्रालयातल्या बातमीदारालाही दिसत नाही. दोन टोकांची बातमी एकत्र करणारा माणूस वृत्तपत्रात नेमलेलाच नसतो.

आता पोटाचे बोलतो. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. तालुक्याच्या वार्ताहराला त्याचा स्पर्श झालेला नाही, कारण कागदोपत्री तो कर्मचारीच नाही. नाममात्र मानधन आणि जाहिरातीवरचे कमिशन यांवर त्याचे भागते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि स्थानिक नेत्यांचे वाढदिवस हे त्याच्या उत्पन्नाचे सण. ज्या सभापतींच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात मी आणायची, त्यांच्याच गटातल्या रस्त्याचे बिल काम होण्याआधी निघाले, ही बातमीही मीच द्यायची. ती मी दिल्यास पुढची जाहिरात स्पर्धक वृत्तपत्राकडे जाते आणि कार्यालयातून फोन येतो तो बातमीचे कौतुक करायला नसतो.

जिवाची गोष्ट वेगळीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना, रिफायनरीसंबंधी बातमी प्रसिद्ध झाली त्याच दिवशी, गाडीखाली चिरडण्यात आले. राज्यात पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठीचा कायदा आहे, विधिमंडळाने तो २०१७ मध्ये संमत केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र त्यातील प्रसारमाध्यमातील व्यक्तीची व्याख्या नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीशी बांधलेली आहे. ज्याच्या हातात नेमणुकीचे पत्रच नाही त्याने पोलीस ठाण्यात काय दाखवायचे?

लेखाशीर्ष

@तालुका_वार्ताहर, जाहिरातीचा मुद्दा वरच्या स्तरावरही तसाच आहे, केवळ रक्कम मोठी. सरकारी बातम्या देणारे, पत्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे शासनमान्य ओळखपत्र, देणारे आणि वृत्तपत्रांना शासकीय जाहिराती वाटणारे कार्यालय महाराष्ट्रात एकच आहे, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय. कोणी दबाव आणतो असे माझे म्हणणे नाही. दबाव आणण्याची गरजच पडू नये अशी ही रचना आहे. त्याच महासंचालनालयाखाली माध्यमांतील बातम्यांवर लक्ष ठेवणारे केंद्र उभारण्यास मार्च २०२५ मध्ये सुमारे १० कोटी रुपयांची मान्यता देण्यात आली, आणि त्यात बातम्यांची सकारात्मक व नकारात्मक अशी वर्गवारी अपेक्षित आहे. आपली बातमी कोणत्या खणात पडली हे बातमीदाराला कोणी कळवणार नाही, पण जाहिरात विभागाला ते उमगेल.

निवडणुकीच्या काळात तर बातमी आणि जाहिरात यांतली भिंतच पडते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ते उघड केले. त्या मजकुरातून पुढे निवडणूक खर्चाचे प्रकरण उभे राहिले, आयोगाने नोटीस दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कारवाई रद्द केली. त्या दिवसांत प्रचारफेरीचे वार्तांकन करणारे बातमीदार काय करत होते? त्यांची बातमी यायची तर जागा लागते, आणि जागा विकली गेली होती.

संपादन_साहाय्य

सूचना: चर्चा चांगली चालली आहे. कोणत्या पक्षाच्या काळात अधिक वाईट होते, या स्वरूपाचे प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागे आहेत आणि ते आम्ही रोज साफ करतो.

बूमधारी

दूरचित्रवाणीच्या वतीने मीच शिव्या खायला येते. अधिवेशनाच्या काळात आमचा दिवस विधानभवनाच्या पायऱ्यांवर सुरू होतो. कामकाज सुरू होण्याआधी विरोधी आमदार फलक, गाजरे, कापसाच्या बोंडांच्या माळा घेऊन घोषणा देतात, सत्ताधारी त्यांच्यासमोर प्रतिघोषणा देतात, आणि ते दृश्य दिवसभर चालते. आत प्रश्नोत्तराचा तास सुरू झालेला असतो. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणाऱ्या, प्रश्नावर एखादा मंत्री अडखळतो, माहिती पटलावर ठेवतो म्हणून सुटका करून घेतो. त्या वेळी मी बाहेर असते, कारण माझ्या कॅमेऱ्याला आत प्रवेश नाही आणि माझ्या कार्यालयाला पायऱ्यांवरून थेट चित्र हवे आहे.

अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे कोणी वाचत नाही, हे मी जबाबदारीने सांगू शकते. एका विभागातील रिक्त पदांची जिल्हावार माहिती मला तेथेच मिळाली होती आणि त्यावर मी तीन मिनिटांची बातमी तयार केली. ती रात्री अकरानंतर एकदा दाखवली गेली. त्याच संध्याकाळी दोन नेत्यांनी एका लग्नात एकमेकांकडे पाहिले नाही, यावर आमच्याकडे चाळीस मिनिटांची चर्चा झाली. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात आणि ते माझ्या बाजूने बोलत नाहीत. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात वाचकांचा उल्लेख आहे म्हणून सांगितले.

कलम_१९४

सभागृहाच्या वार्तांकनाचा एक कायदेशीर पैलू कोणी मांडला नाही. संविधानाचे अनुच्छेद ३६१क, जे ४४ व्या घटनादुरुस्तीने आले, विधिमंडळाच्या कामकाजाच्या सारतः खऱ्या वृत्तांताला संरक्षण देते. दुष्ट हेतू सिद्ध झाला तर किंवा बैठक गुप्त असेल तर ते लागू होत नाही. दुसऱ्या बाजूला अनुच्छेद १९४ खालील विधिमंडळाचे आणि सदस्यांचे विशेषाधिकार आहेत आणि त्यांची पूर्ण यादी आजवर कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला मजकूर छापणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो, हे 'सर्चलाइट' या वृत्तपत्राच्या १९५९ च्या प्रकरणापासून आपण मानत आलो आहोत. आता कामकाज थेट दिसते. एखादा शब्द लाखोंनी ऐकल्यानंतर तो कामकाजातून काढला जातो, त्याची चित्रफीत फिरत राहते, आणि बातमीदाराला मात्र तो शब्द छापावा की नाही याचा विचार करावा लागतो.

या अधिकाराचा धाक मुंबईला जुना आहे. १९५२ मध्ये मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या हक्कभंगासाठी मुंबईत अटक करून लखनौला नेण्यात आले होते आणि सर्वोच्च न्यायालयामुळे त्यांची सुटका झाली.

पहाटेचा_अंक

राजकीय घडामोडींचे वार्तांकन भरपूर होते, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. ते तरी नीट होते का? २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, अशा मथळ्यांचे अंक दारात पडले तेव्हा राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकत होता. महिनाभर प्रत्येक बैठकीबाहेर बूम घेऊन उभे राहिलेल्यांना ही एक बातमी मिळाली नाही. ज्या कामासाठी आपण शासन निर्णय सोडून दिले, त्या कामातही आपली सूत्रे आपल्याला हवे तेवढेच सांगत होती.

निवृत्त_बातमीदार

@पहाटेचा_अंक, रात्रीत गुप्तपणे ठरलेली गोष्ट हुकली, यावरून बातमीदारांना नाकर्ते ठरवणे मला पटत नाही. राष्ट्रपती राजवट पहाटे सहाच्या आत उठवली गेली होती. त्या वेळेपर्यंत छपाई संपून गाड्या निघालेल्या असतात.

'नाराजी'च्या बातम्या सरसकट टाकाऊ आहेत, हेही मला मान्य नाही. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतला आणि तेथून गुवाहाटीला गेले. त्या आमदारांनी जी कारणे सांगितली त्यांत निधी मिळत नाही हे एक ठळक कारण होते आणि रोख अर्थखात्याकडे होता. निधी कोणाच्या मतदारसंघात किती गेला, हे अर्थसंकल्पात, प्रत्येक अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांत) आणि त्यानंतर निघालेल्या शासन निर्णयांत शोधता येते. म्हणजे राजकारण एका पानावर आणि कागदपत्रे दुसऱ्या पानावर, ही विभागणीच खोटी आहे. नाराजीची बातमी देणाऱ्याने त्या आमदाराच्या मतदारसंघातील कामांची यादी शेजारी ठेवली असती, तर वाचकाला तक्रार खरी की सबब, हे ठरवता आले असते. मी काम करीत असताना पुरवणी मागण्यांचे ते जाडजूड पुस्तक हाती पडले की आम्ही एकूण रक्कम पाहून मथळा देत असू आणि ते पुस्तक कपाटावर जाई. आजही एकूण रकमेचाच मथळा असतो.

विहीर_आणि_कालवा

याला अनुमोदन. अशीच गत भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांची. ते बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, सभागृह संस्थगित होते आणि चर्चेला दिवसच उरत नाही. बातमी एक दिवस छापून येते. नंतर हे अहवाल तपासणाऱ्या विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे कोणत्या सचिवांची साक्ष झाली आणि विभागाने कोणता खुलासा केला, याचा पाठपुरावा कोणी करताना दिसत नाही.

वाचनमात्र

माहितीच्या अधिकाराचा कोणी उल्लेख केला नाही म्हणून मी करतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. हाच नियम राजकीय विश्लेषणाच्या स्तंभांना लावल्यास अर्धा प्रश्न सुटेल.

टिपणीकार

अर्ज १५० शब्दांत बसवता येतो. उत्तराला ३० दिवस लागतात आणि 'माहिती विस्तृत असल्याने कार्यालयात येऊन अवलोकन करावे' असे पत्र येते. गंमत अशी की त्या अवलोकनाला खरोखरच जावे. अर्जदार येईल असे कोणी गृहीत धरलेले नसते, त्यामुळे नस्ती बहुधा पूर्ण मिळते. दैनिकाचा बातमीदार सहसा येत नाही, कारण त्याच्या कार्यालयाला बातमी आज हवी असते. येतात ते कार्यकर्ते, आणि पुढे बातमीदार त्या कार्यकर्त्याकडून बातमी घेतो.

कोरा_ताव

सर्व प्रतिसाद वाचले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे वाटते. टिप्पणीतले अभिप्राय, विभागांतले मतभेद आणि तालुक्याला लागलेली ठेच संकेतस्थळावर येत नाहीत, त्यामुळे बातमीदार हवाच. दुसऱ्या प्रश्नावर बूमधारी आणि तालुका_वार्ताहर यांनी सांगितले ते वाचून वाचकांना दोष देण्यास मी कचरतो. वाचकासमोर दुसरे काही ठेवलेच गेले नाही, तर त्याची आवड कशी कळणार? रिक्त पदांची बातमी रात्री अकरानंतर एकदा दाखवून ती कोणी पाहिली नाही असे म्हणणे न्यायाचे नाही.

एक व्यावहारिक शंका आहे. आपल्यापैकी काही जणांनी एकेक विभाग वाटून घेऊन त्याचे शासन निर्णय नियमित वाचायचे ठरवले, तर सुरुवात कोठून करावी? शीर्षकावरून शोध घेतला की 'योजना राबविण्याबाबत' अशी एकसारखी शीर्षके येतात आणि काहीच उलगडत नाही.

लेखाशीर्ष

मी जलसंपदा घेतो, पण विहीर_आणि_कालवा सोबत असतील तरच.

टिपणीकार

@कोरा_ताव, शीर्षकावर विसंबू नका. शासन निर्णयाच्या आरंभी 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती उलट दिशेने तपासत गेल्यास मूळ निर्णयातली कोणती अट गळाली हे दिसते. शेवटच्या परिच्छेदांत 'वित्त विभागाच्या सहमतीने, अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये' असा उल्लेख आहे का ते पाहा. खर्चाचा निर्णय असूनही तो उल्लेख नसेल, तर प्रश्न विचारण्यास जागा आहे.

आणि अखेरीस छापलेला संकेतांक वाचा. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. निर्णयावरची तारीख आणि संकेतांकातली तारीख यांत अंतर आढळल्यास तो निर्णय बाजूला काढून ठेवा, विशेषतः मधल्या काळात आचारसंहिता लागली असेल तर. मी ग्रामविकास विभाग घेत नाही, कारण उघड आहे. तो तालुका_वार्ताहर यांनी घ्यावा.

तालुका_वार्ताहर

घेतला. सोमवारपासून सुरू करतो. सभापतींचा वाढदिवस रविवारी आहे.